पेट्रोपोलिस आणि आपला पुरंदर

प्रश्न असा आहे: ब्राझीलमधल्या डोंगरातल्या पेट्रोपोलिसला एका प्रवासलेखात ‘पेट्रोलनगरी’ म्हटले आहे, ते बरोबर का? आणि अशा गावाला ‘गिरिस्थान’ म्हणावे की ‘थंड हवेचे ठिकाण’?

साफ चूक. ही ‘पेट्रोलनगरी’ मी आता तिसऱ्यांदा वाचतो आहे, आणि दर वेळी संताप होतो. या गावाच्या नावाचा तेलविहिरींशी काही संबंध नाही. रिओपासून सुमारे ६८ किलोमीटरवर, ८०० मीटरहून अधिक उंचीवर हे गाव आहे. सम्राट पहिल्या पेद्रूने १८३० मध्ये इथला ‘कोर्रेगो सेको’, म्हणजे कोरडा ओढा, नावाचा मळा विकत घेतला. त्याचा मुलगा दुसरा पेद्रू याने १८४३ मध्ये गाव वसवायचा हुकूम काढला. आखणी कोएलर या जर्मन अभियंत्याची. १८४५ पासून जर्मन कुटुंबे आली, म्हणून वस्त्यांची नावे बिंगेन, मोझेला अशी. गावाचे नाव सुचवले दरबारचे कारभारी पाउलू बार्बोझा यांनी, सेंट पीटर्सबर्ग डोळ्यांसमोर ठेवून. म्हणजे पेद्रूचे ‘पोलिस’, ग्रीकमध्ये शहर, बस्स.

पेद्रू, पीटर, मराठी बायबलातला पेत्र, सगळे एकच. मुळाशी ग्रीक ‘पेट्रा’, खडक. पेट्रोलियम म्हणजे खडकातले तेल. तेव्हा पेट्रोल या नावाचा चुलतभाऊ आहे, बाप नव्हे.

खरी गंमत ‘पोलिस’मध्ये आहे. ग्रीक ‘पोलिस’ आणि संस्कृत ‘पुर्’ एकाच मुळाचे. सोलापूर, नागपूर यांतले ‘पूर’ तेच. चौकीतला पोलीससुद्धा लॅटिन-फ्रेंच वाटेने त्याच ‘पोलिस’वरून आला. पण वेदातला ‘पुर्’ म्हणजे शहर नव्हे, तटबंदी. ती फोडतो म्हणून इंद्र पुरंदर, आणि आपल्या किल्ल्याचे नावही तेच. लिथुआनियन ‘पिलिस’ म्हणजे आजही किल्ला. अथेन्सचे लोक तर डोंगरावरच्या अक्रोपोलिसलाच नुसते ‘पोलिस’ म्हणत, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज लिहितो.

म्हणून प्रत्येक ‘-पोलिस’चे डोळे झाकून ‘नगरी’ करणाऱ्या कोशकारांशी माझे भांडण आहे. मूळ अर्थ हाताशी असताना तो फिका का करायचा? पेट्रोपोलिसला तट नव्हता हे मला माहीत आहे. पण डोंगर आहे, राजाचा वाडा आहे, आणि शब्दाच्या पोटात किल्ला आहे. मराठीत आणायचेच तर ‘पेद्रूगड’ करा.

त्या वाड्यात आता संग्रहालय आहे. जमिनीवर चरे पडू नयेत म्हणून पाहुण्यांना बुटांवरून मऊ सपाता चढवाव्या लागतात. दुसऱ्या पेद्रूचा मुकुट तिथेच, आणि तो स्वतः राणीसह जवळच्या कॅथेड्रलमध्ये चिरनिद्रेत. विमानवीर सांतोस द्युमाँचे १९१८ चे छोटे घरही चुकवू नका. जिन्याच्या पायऱ्या अशा अर्ध्या कापल्या आहेत की पहिले पाऊल उजवेच टाकावे लागते.

‘थंड हवेचे ठिकाण’च म्हणा, ‘गिरिस्थान’ फक्त पाटीवर दिसते, कुणाच्या तोंडी मी ऐकलेले नाही. आणि शेजारचे तेरेझोपोलिस पेद्रूच्या राणीच्या, तेरेझा क्रिस्टिनाच्या, नावाचे. ते तेरेझागड.