स्पीड टेस्ट सांगते ते अर्धंच

या खेपेला आलेल्या पत्रांत इंटरनेटच्या वेगाबद्दलच्या तक्रारी जास्त होत्या, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. स्पीड टेस्टमध्ये आकडाही पूर्ण येतो. पण घरात कुणी फोटोंचा बॅकअप सुरू केला की माझा ऑफिसचा व्हिडिओ कॉल अडखळतो, आवाज तुटतो. आणखी वरचा प्लॅन घेऊ का?

नको. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होईल. स्पीड टेस्ट मोजते ते सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो एवढंच. व्हिडिओ कॉलला डेटा फार लागत नाही, दोन-चार एमबीपीएसमध्ये त्याचं भागतं. त्याला लागतो वक्तशीरपणा. उशिरा पोहोचलेलं पॅकेट (डेटा अशाच छोट्या तुकड्यांत प्रवास करतो) कॉलच्या दृष्टीने न आल्यातच जमा असतं.

बॅकअप सुरू झाला की अपलोडची बाजू पूर्ण भरते आणि पॅकेटं राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे वाट पाहायच्या जागेत, रांग लावतात. मेमरी स्वस्त होत गेली तसे उत्पादकांनी हे बफर मोठे केले. हेतू चांगलाच होता, एकही पॅकेट गळू नये. घोळ असा की डेटा किती वेगाने पाठवायचा हे ठरवणाऱ्या टीसीपी प्रोटोकॉलला ‘आता जरा दमानं’ हा इशारा सहसा पॅकेट गळाल्यावरच मिळतो. काही गळतच नाही म्हटल्यावर तो पाठवत सुटतो, रांग लांबत जाते आणि तुमच्या आवाजाचं चिमुकलं पॅकेट फोटोंच्या शेकडो पॅकेटांमागे ताटकळत राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाने २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या लाइनवर हे शोधून काढलं आणि लावून धरलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्कतज्ज्ञांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे मोजण्यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं हे मोजायचं, आणि फार वेळ थांबायला लागलं की काही पॅकेटं मुद्दाम टाकून द्यायची. पाठवणाऱ्याला इशारा वेळेवर मिळतो आणि रांग आवरते.

तुमचं दुखणं हेच आहे का, ते पाच मिनिटांत कळेल. कॉम्प्युटर केबलने राउटरला जोडा, पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) सुरू ठेवा आणि मग एखादी मोठी फाइल अपलोडला लावा. मोकळ्या लाइनवर १५ मिलिसेकंद दाखवणारा आकडा ३००-४००वर गेला, तर निदान पक्कं. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशा नावाची सोय शोधा आणि तिथे वेगाची मर्यादा प्रत्यक्षात मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. विकत घेतलेला दहा टक्के वेग सोडून द्यायचा हे जिवावर येतं खरं. पण त्यामुळे रांग तुमच्या राउटरमध्ये लागते, तिथे ती तुम्हाला आवरता येते. कंपनीच्या यंत्रातल्या रांगेपुढे तुमचं काही चालत नाही. राउटरमध्ये ही सोय नसेल तर बॅकअप ॲपमध्येच अपलोडवर मर्यादा घाला किंवा बॅकअप रात्रीवर ढकला.

केबलवर सगळं सुरळीत आणि वायफायवरच रडगाणं असेल, तर गोष्ट वेगळी. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल सहसा तीनच धरले जातात, १, ६ आणि ११. आजूबाजूचे सगळे राउटर त्यांवरच भांडत असतात. ५ गिगाहर्ट्झवर जा आणि राउटर टीव्हीच्या मागून बाहेर काढा.

प्रश्न : सार्वजनिक वायफायवर व्हीपीएन (आपली वाहतूक बंदिस्त करून आधी दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे नेणारी सोय) नसेल तर बँकेचा पासवर्ड चोरीला जातो, असं जाहिरातींत सांगतात. खरं आहे का?

पंधरा वर्षांपूर्वी ही भीती रास्त होती. २०१०मध्ये ‘फायरशीप’ नावाचं एक ब्राउझर एक्स्टेन्शन आलं. त्याच वायफायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या फेसबुक खात्यात एका क्लिकवर शिरता यायचं. कारण त्या काळी अनेक साइट लॉगिनचं पान तेवढं एन्क्रिप्ट करत, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही असं करत, आणि पुढचं सगळं उघड्यावर पाठवत. त्या एक्स्टेन्शनमुळे बड्या कंपन्यांची झोप उडाली. मग २०१५च्या अखेरीपासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेने एन्क्रिप्शनसाठी लागणारी सर्टिफिकेटं फुकट द्यायला सुरुवात केली आणि छोट्या साइटनाही सबब उरली नाही. आज बँकेचं पान किंवा ॲप तुमच्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत एन्क्रिप्टेडच असतं. वायफायवाल्याला फार तर तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते कळतं, तिथे काय केलंत ते नाही.

व्हीपीएन ही माहितीही पुसून टाकत नाही. इंटरनेट कंपनीच्या नजरेआड करून ती व्हीपीएन कंपनीच्या हाती देतो. म्हणून विचारायचा प्रश्न एकच : या दोघांपैकी तुमचा भरवसा कोणावर जास्त? ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायला व्हीपीएन हवाच. स्थानिक नेटवर्क कोण चालवतं याचा खरोखर संशय असेल, तरीही हवा. पण ‘अनामिक व्हा’ हा दावा सोडून द्या. ज्या साइटवर तुम्ही स्वतःच्या नावाने लॉगिन केलंय, तिला तुम्ही कोण हे व्हीपीएन असला तरी ठाऊकच असतं. फुकटच्या व्हीपीएनबद्दल माझं मत वाईट आहे. सर्व्हर आणि बँडविड्थ यांचा खर्च कुणीतरी भरतोच, आणि तो कुठून निघतो हे कंपनी सांगत नसेल तर ते ॲप काढून टाका.

याच पत्रात ॲड्रेस बारमधल्या कुलपाच्या चिन्हाचाही उल्लेख आहे. ते चिन्ह एवढंच सांगतं की या पत्त्यापर्यंतचा रस्ता बंदिस्त आहे. त्या पत्त्यावर कोण बसलंय, हे ते सांगत नाही. भामट्यांच्या साइटनाही सर्टिफिकेट मिळतं. लोक कुलपाचा भलता अर्थ काढतात म्हणून २०२३मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं, ते बरं झालं.

प्रश्न : आता उपग्रहावरून इंटरनेट मिळतं. मग समुद्राच्या तळाशी केबल टाकायचा खटाटोप अजून कशाला?

एक कारण क्षमतेचं. २०१७मध्ये टाकून पूर्ण झालेली ‘मारेया’ ही अटलांटिकपारची केबल फायबरच्या आठ जोड्यांवर सेकंदाला १६० टेराबिट नेईल, अशा हिशेबाने बांधली होती. खोल समुद्रात अशा केबलची जाडी जेमतेम दोन सेंटीमीटर असते. उपग्रहांना रेडिओ लहरींचा मोजका पट्टा सगळ्यांत वाटून घ्यावा लागतो. त्यामुळे खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी वाहतूक आजही पाण्याखालूनच चालते.

दुसरं कारण अंतर. भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणारा, उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायचा आणि उत्तरानेही तेच करायचं, म्हणजे नुसत्या प्रवासातच जवळपास अर्धा सेकंद गेला. साधारण ५५० किलोमीटरवर फिरणाऱ्या नव्या उपग्रहांनी हा दोष बराच घालवला आहे. जिथे फायबर पोहोचत नाही तिथे, जहाजांवर आणि आपत्तीच्या वेळी त्यांना तोड नाही. जानेवारी २०२२मध्ये ज्वालामुखीच्या स्फोटाने टोंगाची केबल तुटली, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंतचे सुमारे पाच आठवडे त्या देशाने उपग्रहांच्या आधारावरच काढले.

जगात दर वर्षी केबल बिघाडाच्या साधारण १५० ते २०० घटना होतात. बहुतेक वेळा कारण असतं मासेमारीची जाळी नाही तर जहाजाचा नांगर. शार्क केबल कुरतडतात ही गोष्ट ऐकायला भारी वाटते, पण बिघाडांत त्यांचा वाटा नगण्य आहे.

प्रश्न : कधी कधी एखादी प्रचंड मोठी सेवा तासन्‌तास जगभर बंद पडते. इतके सर्व्हर असताना हे होतं कसं? हॅकिंगच ना?

बहुधा नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास गायब होते, तेव्हाही हीच कुजबुज झाली. सर्व्हर धडधाकट होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचं अंतर्गत जाळं तुटलं. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्याचं पाहून तिच्या डीएनएस सर्व्हरनी (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे ते हे) आपल्याकडे येणाऱ्या मार्गांची घोषणा मागे घेतली, कारण त्यांची रचनाच तशी केलेली होती. झालं, नाव विचारायचं ठिकाणच जगाच्या नकाशावरून पुसलं गेलं. दुरुस्तीची हत्यारंही त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटर गाठावं लागलं.

कोणता पत्ता कोणत्या वाटेने गाठायचा हे जाळी एकमेकांना कळवतात, त्या या घोषणा. त्या ज्या बीजीपी प्रोटोकॉलने होतात, तो मुळात शेजाऱ्याच्या शब्दावर चालतो. फेब्रुवारी २००८मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करण्यासाठी स्वतःच्या जाळ्यात एक खोटा मार्ग जाहीर केला. तो बाहेर निसटला. त्यात यूट्यूबच्या पत्त्यांचा अधिक लहान, म्हणजे अधिक नेमका तुकडा होता आणि राउटर नेमक्या मार्गालाच पसंती देतात. जगभरची यूट्यूबची वाहतूक सुमारे दोन तास भलतीकडे गेली. हा पत्ता जाहीर करायचा अधिकार कोणाचा, हे सहीनिशी पडताळणारी आरपीकेआय पद्धत आता बरीच पसरली आहे. पण ती घोषणा करणाऱ्याचा हक्क तपासते, वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा खरेपणा नाही. एवढ्या वर्षांनंतरही जगाचं जाळं निम्मंअर्धं विश्वासावर चालावं, हे मला तरी पटत नाही.

प्रश्न : ऑफिसमध्ये दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतात. याने सुरक्षा वाढते का?

नाही, उलट घटते. लोक शेवटचा १ काढून २ करतात आणि पासवर्ड ओळखणं सोपं होतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७च्या मार्गदर्शिकेतच हा सक्तीचा बदल नको म्हटलं : पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला, एरवी लांब ठेवा आणि आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा. आयटी विभागाला ती मार्गदर्शिका दाखवा. तुमच्या हातात आहे ते हे : प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, तो लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर आणि जिथे मिळेल तिथे पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली. एसएमएसने येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण तो तुम्ही खोट्या पानावरही टाइप करू शकता. पासकी मूळ साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, नकली पानावर ती चालतच नाही.

प्रश्न : राउटरमधलं आयपीव्ही६ बंद केलं की नेट वेगवान होतं, असं एका व्हिडिओत पाहिलं. करू का?

करू नका. इंटरनेटवरचे पत्ते देण्याची जुनी पद्धत म्हणजे आयपीव्ही४. तिचे पत्ते जेमतेम ४२९ कोटी, आणि त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्येच वाटून झाले. म्हणून नवी आयपीव्ही६ पद्धत लागते. आयपीव्ही६मुळे खरोखर अडचण येत असेल, तर ती कंपनीच्या मांडणीतली चूक आहे. तक्रार तिकडे करा.

प्रश्न : राउटर आठ वर्षं जुना आहे, पण उत्तम चालतो. उगाच कशाला बदलायचा?

चालतो की नाही, हा निकष पुरेसा नाही. उत्पादक त्याला अजून सिक्युरिटी अपडेट देतो का, ते त्याच्या साइटवर पाहा. देत नसेल तर बदला. २०१६मध्ये ‘मिराय’ नावाच्या मालवेअरने इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले. त्यासाठी कुठलंही अचाट तंत्र लागलं नाही, कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डांच्या जोड्या पुरल्या. त्याच फौजेने २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला केला, आणि ट्विटरसह अनेक साइट बऱ्याच वापरकर्त्यांना दिसेनाशा झाल्या. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यांच्यापैकी बहुतेकांना पत्ताही नसेल, कारण कॅमेरे तर छान चालत होते.

अपडेट मिळत असतील तर राउटर ठेवा, पण ॲडमिन पासवर्ड बदला, बाहेरून राउटर हाताळायची सोय आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा आणि कॅमेरे, बल्ब वगैरे मंडळींना गेस्ट नेटवर्कवर बसवा. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए३वर ठेवा, ते नसेल तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूपीए२ला २०१८पासून वारस आला असला तरी लांब पासवर्डासह ते अजून चालण्यासारखं आहे. त्याहून जुनं डब्ल्यूईपी २००१मध्येच मोडून निघालं होतं. यादीत फक्त तेच दिसत असेल, तर राउटर आजच उतरवा. आणि जुना कुणाला देण्याआधी फॅक्टरी रीसेट करा, इंटरनेट कंपनीचं युजरनेम आणि वायफायचा पासवर्ड त्यातच असतात.