क्यू आणि एनएमईची अनुक्रमणिका: वर्णनापासून विश्लेषणापर्यंत

तुझी अडचण थोडक्यात अशी: इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम) मीडिया स्टडीज घेतलं आहेस, क्यू मासिक आणि एनएमई (न्यू म्युझिकल एक्सप्रेस) साप्ताहिक या ब्रिटनमधल्या संगीतविषयक नियतकालिकांच्या अनुक्रमणिकेच्या पानांवर निबंध लिहिलास आणि शेरा मिळाला, ‘हे वर्णन झालं, विश्लेषण कुठे आहे?’ तुझा मसुदा आणि जोडलेली पानं दोनदा नीट पाहिली. शेरा बरोबर आहे, पण तुझी मेहनत वाया गेलेली नाही. तू पाहिलं आहेस बारकाईने, फक्त ‘हे असं का?’ हा प्रश्न दर वेळी अर्ध्यावर सोडला आहेस.

आधी ‘लाल रंग म्हणजे उत्कटता आणि धोका’ हे वाक्य काढून टाक. ते कुठल्याही लाल पानाला लागू पडतं, म्हणून या पानाबद्दल काहीच सांगत नाही. क्यूचं बोधचिन्ह आठव: लाल चौकोन, त्यात पांढरा क्यू. तू जोडलेल्या पानावर वरच्या पट्टीत तोच चौकोन आहे आणि पानांचे आकडेही त्याच लाल रंगात आहेत. दुकानात ज्या खुणेवरून वाचकाने अंक उचलला, तीच खूण आत आल्यावर त्याला वाट दाखवते. आता त्या पानावर लाल रंग किती ठिकाणी आहे ते मोज. थोड्याच जागी आहे, आणि बहुतेक जागी आकडा किंवा विभागाचं नाव आहे. एवढं लिहिलंस की विश्लेषण सुरू झालं.

तुझ्या निबंधातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू एका ओळीत उरकली आहेस: एनएमईच्या पानावर डाव्या कडेला असलेली बँडची यादी. नुसती नावं आणि आकडे, वर्णानुक्रमाने. बाकीचं पान संपादकाने लावलेलं आहे. कुठला लेख मोठा, कुठल्या बातमीला फोटो, हे त्याने ठरवलं. ही यादी मात्र वाचकाच्या ताब्यात आहे. तो आपल्या आवडत्या बँडचं नाव शोधतो आणि थेट त्या पानावर जातो, मग ती चार ओळींची बातमी का असेना. एकाच पानावर असे दोन रस्ते का लागतात? कारण हे साप्ताहिक बातम्यांवर उभं राहिलेलं होतं. ब्रिटनमधली पहिली सिंगल्सची (सुट्या गाण्यांच्या रेकॉर्डची) क्रमवारी 1952 साली यांनीच छापली. दर आठवड्याला कोण कुठे आहे हे पाहणारा वाचक त्यांनी घडवला, आणि ती यादी त्याच्याच सवयीसाठी आहे. क्यू महिन्यातून एकदा यायचं, निवांत वाचायचं मासिक. तिथे मोठा फोटो, मोजके लेख, आणि ‘दर महिन्याला’ येणारी सदरं वेगळी. या फरकावर दोन परिच्छेद सहज होतील.

आकड्याची जागाही पाहा. दोन्हीकडे आकडा आधी येतो, ठळक, आणि मथळा त्याला चिकटून. याचं महत्त्व मला एका दिवाळी अंकाची पानं लावताना कळलं. कथा, ललित, परिसंवाद अशी नेहमीची विभागणी होती. नावं डाव्या टोकाला, आकडे उजव्या टोकाला, मध्ये चार बोटं कोरा कागद. मला ते देखणं वाटलं होतं. अंक छापून आल्यावर शेजारच्या आजोबांना मी तो वाचताना पाहिलं: प्रत्येक ओळीखाली ते पट्टी सरकवत होते, नाहीतर नजर खालच्या ओळीवर घसरायची. पुढच्या वर्षापासून मी आकडा नावाच्या अगदी शेजारी आणला.

आता एक काम कर. पानावर ट्रेसिंग पेपर ठेव. फोटो पूर्ण काळे भर, मजकुराच्या जागी आडव्या रेघा मार, जाहिरातीला फुली, मोकळी जागा तशीच सोड. मजकूर वाचता येईनासा झाला की मांडणी दिसायला लागते. जमलं तर केरँगचं एखादं पानही असंच काढ. 1981 साली सुरू झालेलं हे रॉक आणि हेवी मेटल संगीताचं नियतकालिक, नावच मुळी इलेक्ट्रिक गिटारच्या दणक्यावरून घेतलेलं. गच्च भरलेलं पान तिथे त्या आवाजाशी जुळतं. तीच गर्दी क्यूमध्ये केली असती तर ती चूक ठरली असती.

शिक्षकांना खरंच काही नवं द्यायचं असेल तर द फेस या संगीत आणि फॅशनच्या ब्रिटिश मासिकाकडे वळ. 1980 साली निक लोगनने ते काढलं; त्याआधी तो एनएमईचा संपादक होता. नेव्हिल ब्रॉडी तिथे मांडणी पाहायचा. अनुक्रमणिकेच्या माथ्यावरचा ‘कंटेंट्स’ हा शब्द त्याने अंकागणिक थोडाथोडा मोडत नेला, शेवटी अक्षरांऐवजी आकार उरले. तरी नियमित वाचकाचं अडलं नाही. शब्द न वाचताही पान ओळखता येतं, याची ही सगळ्यात धीट चाचणी मला वाटते. तुझ्या दोन्ही पानांवर तो मथळा झाकून बघ आणि काय हरवतं ते लिही.

राहिला खालचा वर्गणीचा चौकोन, ज्याला तू ‘विचलित करणारी जाहिरात’ म्हटलं आहेस. अंक घेणारा जवळजवळ प्रत्येकजण हे पान उघडतो, म्हणून प्रकाशकाने तो इथे ठेवला. एनएमई सप्टेंबर 2015 पासून फुकट वाटला जाऊ लागला आणि मार्च 2018 मध्ये त्याची छापील साप्ताहिक आवृत्ती थांबली. जुन्या मासिकांच्या दुकानात 2015 च्या आधीचा एक आणि नंतरचा एक अंक मिळव. पैसे मोजणाऱ्या वाचकाचं पान आणि फुकट घेणाऱ्याचं पान शेजारी ठेव, दोन्हींचं ट्रेसिंग काढ आणि फोटो इथे टाक. मग तिसरा परिच्छेद आपण एकत्र बघू.