केआय-६७ मोजायला बसण्याआधी

अगं, स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत किती टक्के पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत हे सांगणारा केआय-६७ चा आकडा लिहायची घाई करू नकोस. आधी गाठ फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) कधी पडली ते विचार. सुरगाणा, कळवणहून नाशिकला नमुना येईपर्यंत अर्धा दिवस सहज जातो. बरणीच्या तळाशी चार थेंब फॉर्मॅलिन आणि गाठ न कापता तशीच. अशा नमुन्यात केआय-६७ खोटंच कमी दिसू शकतं आणि बाई 'कमी धोका' रकान्यात जाऊन बसते. माझ्या हातून सुरुवातीला एकदा हे झालंय, म्हणून सांगते.

पेशी विभाजनाच्या चक्रात असेपर्यंत केआय-६७ हे प्रथिन दिसतं, विश्रांतीत गेली की नाही. (नावातला 'की' जर्मनीतल्या कील शहराचा.) किमान ५०० पेशी मोज, त्याही फक्त कर्करोगाच्या, मध्ये घुसलेल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी) धरल्यास तर आकडा फुगलाच. ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेनचे ग्राहक असलेली), हर-टू निगेटिव्ह (हर-टू प्रथिन वाढलेलं नसलेली), सुरुवातीच्या टप्प्यातली गाठ असेल तर ५ टक्के वा त्याखाली आणि ३० वा त्यावर, इथे भरवसा ठेव. मधल्या पट्ट्यात दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत होत नाही. सीमा १४ टक्क्यांवर की २० वर, यावर सर्जनशी वाद घालत बसू नकोस.

सायक्लिन डी१ (पेशीचं विभाजन पुढे ढकलणारं प्रथिन) जास्त दिसलं म्हणून दचकू नकोस, ईआर पॉझिटिव्ह गाठींत ते बऱ्याचदा वाढलेलंच असतं. पॅल्बोसिक्लिब (पेशीचक्र रोखणारं औषध) द्यायचं का, हेही त्यावरून ठरत नाही. सायक्लिन ई, पी२७ या पेशीचक्राच्या इतर प्रथिनांवर जरूर वाच. रोजच्या रिपोर्टात मात्र नको. तिथे आधी मायटोसिस (प्रत्यक्ष विभागत असलेल्या पेशी) नीट मोज.