कंपनीचा डेटा लोकांना पटकन सापडावा पण बाहेरही फुटू नये, हे कसं जमवायचं?

तुम्ही लिहिलंय की कंपनीत शंभरेक लोक आहेत, डेटा थोडा टॅलीत, थोडा गुगल ड्राइव्हवर, बाकी चारपाच जणांच्या लॅपटॉपवर अन् व्हॉट्सॲपवर, कुणालाच काही वेळेवर सापडत नाही आणि मालक म्हणतात सगळं लॉक करून टाका. मालकांचं एवढं एक ऐकू नका, निदान सुरुवातीला तरी.

मी नागपूरला वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट अन् गोदामवाल्या कंपनीत एमआयएस (म्हणजे रोजचे रिपोर्ट अन् आकडेवारी) बघतो, आयटीपण मीच (आमच्याकडे आयटी म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं). आमच्याकडे हा लॉकचा प्रयोग होऊन गेलाय. एका सोमवारी सगळ्या फोल्डरला कुलूप, ज्याला जे पाहिजे त्यानं मेल करायचा, साहेब मंजुरी देणार, मग मी फाइल देणार. पंधरा दिवसांत मेल यायचे कमी झाले, मला वाटलं लोकांना शिस्त लागली. मग एक दिवस डिस्पॅचच्या पोराच्या मागे सहज उभा होतो तर त्याच्या मोबाइलवर 'भाडे रेट फायनल नवीन २' नावाची एक्सेल. त्याला ती रायपूर ब्रांचवाल्यानं पाठवलेली, त्याला अकाउंटमधल्या कुणीतरी. अन् तिच्यात नुसते रेट नव्हते, कोणत्या पार्टीवर आपल्याला किती मार्जिन सुटतं तो कॉलमपण होता, हाइड केलेला. हाइड म्हणजे काय, दार नुसतं लोटून घेतलं, कडी नाहीच, राइट क्लिक केलं की उघडं. मी चिडलो तर पोरगा म्हणे, "दादा, गाडी गेटवर उभी आहे, ड्रायव्हर बोंबलून राहिला, तुमची मंजुरी कधी येईन?" यावर काय बोलणार, बरोबरच होतं त्याचं.

शंभरातल्या नव्वद लोकांना डेटा चोरायचा नसतो हो, हातातलं काम उरकायचं असतं. सडक लांबून नेली की लोक वावरातून पायवाट पाडतात अन् त्या पायवाटेवर तुमचं ना कुलूप चालत ना लॉग, म्हणजे कुणी काय उघडलं त्याची नोंद.

म्हणून सॉफ्टवेअर वगैरे नंतर, आधी एक वही घ्या, साधी दोनशे पानी. दोन आठवडे कोण कुणाला काय विचारतं ते लिहा, माहिती कशासाठी हवी होती तेही लिहा. मी लिहिलं तेव्हा कळलं की फिरून फिरून तेच पाचसहा प्रश्न आहेत: या बिल्टीची (माल पाठवतानाची वाहतुकीची चिठ्ठी) पीओडी, म्हणजे माल पोचल्याची सही, आली का, पार्टीकडे बाकी किती, या रूटचा रेट काय, गाडी कुठवर पोचली, गोदामात माल किती पडला आहे. म्हणजे माणूस मागतो एक ओळ आणि आपण त्याला अख्खी फाइल देऊन मोकळे होतो, कारण एक ओळ द्यायची सोयच आपण केलेली नसते. डेटा फुटतो तो बहुतेक इथंच.

मग मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे एक यादी, मोठ्या कंपन्या याला डेटा कॅटलॉग म्हणतात, आमची एका शीटमध्ये मावते. कोणती माहिती, कुठे आहे, कोणत्या पदावरचा माणूस ती सांभाळतो, शेवटची कधी अपडेट झाली. अन् एक कॉलम मुद्दाम ठेवला, लोक त्याला काय म्हणतात. आमच्याकडे पीओडीला कुणी पोच म्हणतं, कुणी पावती, कुणी सही-शिक्क्याची कॉपी, सर्चमध्ये 'पोच' टाकून काही आलं नाही की माणूस सरळ फोन उचलतो. दुसरी म्हणजे साधी सर्चची स्क्रीन, बिल्टी नंबर टाका, उत्तर घ्या. ती मूळ डेटावर नाही चालत, रोज रात्री घेतलेल्या कॉपीवर चालते, तिच्यात कुणाला काही बदलता येत नाही अन् मार्जिनचा कॉलम त्या कॉपीत नेलेलाच नाही. तुमचा डेटा पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये असेल तर कुणाला कोणत्या ओळी दिसाव्या हे डेटाबेसमध्येच ठरवता येतं, ती सोय २०१६ पासून आहे, पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्येपण आहे. रायपूरवाल्याला रायपूरचंच दिसतं.

गुगल शीटवरच काम भागवायचं असेल तर एक खड्डा सांगून ठेवतो, मी त्यात पडलोय. मूळ शीटमधनं इम्पोर्टरेंज या फॉर्म्युल्यानं थोडेच कॉलम दुसऱ्या शीटमध्ये आणले अन् ती दुसरी शीट लोकांना एडिटर म्हणून दिली, तर त्यातला कुणीही तोच फॉर्म्युला बदलून मूळ शीटमधलं काहीही ओढू शकतो, कारण परवानगी शीट टू शीट मिळालेली असते. तिथं लोकांना व्ह्यूअरच ठेवायचं, नुसतं बघता येईल असं.

परवानग्या माणसाच्या नावानं देऊ नका, कामाच्या गटाला द्या. 'डिस्पॅच नागपूर' असा गट, पोरगा बदलून बिलिंगला गेला की गट बदलला, संपलं. आमच्याकडे नावानं दिलेल्या होत्या तेव्हा नोकरी सोडून गेलेला एक जण कित्येक महिने पार्टीचं लेजर बघू शकत होता. बघत होता की नाही देव जाणे. ड्राइव्हच्या फाइलीपण कुणाच्या स्वतःच्या माय ड्राइव्हमध्ये नको, शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवा, तिथं फाइल कंपनीची असते, माणूस गेला तरी राहते.

ड्रायव्हरांच्या आधारचे अन् लायसनचे फोटो हे वेगळं प्रकरण. आमचं ते फोल्डर 'लिंक असलेला कुणीही' वर उघडं होतं, अन् ती लिंक कुठकुठल्या ग्रुपवर फिरली असेल काय माहीत. गेटवाल्याला विचारलं, बाबा तुला यातलं पाहिजे काय, तर म्हणे लायसन चालू आहे का एवढंच. मग त्याच्या स्क्रीनवर हो किंवा नाही अन् शेवटची तारीख, फोटो नाहीच. जिथं आधारची कॉपी ठेवणं भागच आहे तिथं मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. मालक ऐकत नसतील तर २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा दाखवा, सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, आमच्याकडे एवढ्या एका आकड्यावर मीटिंग वीस मिनिटांत आटोपली.

बाकी किरकोळ. 'अकाउंट१' असं सगळ्यांचं मिळून एक लॉगिन अन् मॉनिटरला चिकटवलेला पासवर्ड, हे आजच बंद करा, नाहीतर लॉगमध्ये कुणाचंच नाव सापडणार नाही. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, लोक चार दिवस कुरकुरतात. लॉग १८० दिवस ठेवायचेच आहेत, सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २०२२ चा आदेश आहे तसा.

महागडं सॉफ्टवेअर घ्यावं का, हेपण विचारलंय तुम्ही. शंभर लोकांना लगेच गरज नाही असं माझं मत, पण व्हेंडर डेमो द्यायला आलाच तर त्याच्या लॅपटॉपवरचा नमुना डेटा बघत बसू नका. वहीतले प्रश्न त्याच्यापुढे ठेवा, खुर्चीवर डिस्पॅचच्या पोराला बसवा, अन् एक माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचं सगळं एका जागेवरून बंद होतं का, ते तिथल्या तिथं करून दाखवायला सांगा.