इंग्लंडातल्या फुटबॉलच्या एफए कपसारख्या बाद पद्धतीच्या (हरला की बाहेर) स्पर्धांची ओढ तुमचीही कमी झाली आहे का? कशामुळे?

झाली, बरीच झाली. मी लंडनच्या आर्सेनल क्लबाचा चाहता, राहायला यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात. माझा सगळा फुटबॉल मोबाइलवर, त्यातला हिवाळ्याचा बराचसा शेतात जागलीवर. हरभऱ्यात रोही अन् रानडुकरं शिरतात म्हणून रात्री कोणीतरी थांबावंच लागते. इंग्लंडातला पावणेआठचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री सव्वाला सुरू होते, म्हणजे जागल अन् फुटबॉल यांचं उलट चांगलं जमते. झोपमोड, वेळ नाही, ही कारणं मला लागूच नाहीत. तरी लीगचा, म्हणजे प्रीमियर लीगचा, सामना असला की मी स्क्रीनवरून नजर काढत नाही, अन् कपचा असला की मधेच उठून मोटर बघून येतो, ओलिताचे पाइप बदलतो.

आधी असं नव्हतं. 2005 च्या एफए कपनंतर आर्सेनलनं नऊ वर्षं काहीच जिंकलं नव्हतं. मे 2014 च्या फायनलला हल सिटीनं पहिल्या दहा मिनिटांतच दोन गोल केले, तेव्हा मी मोबाइल अक्षरशः उपडा ठेवला होता. मग 2-2, जादा वेळ, अन् 109 व्या मिनिटाला आमच्या रॅमसीचा गोल. घरचे सगळे अंगणात खाटा टाकून झोपलेले, मी ओरडलो तसे उठून बसले. "काहून बोंबलून राहिला रे?" आईला वाटलं साप निघाला. आमचे तेव्हाचे मॅनेजर वेंगर लीगमधल्या चौथ्या क्रमांकालाही ट्रॉफीसारखंच मानत, त्यावर लोक हसायचे. त्या रात्री मला तरी चौथ्या क्रमांकाची आठवण आली नाही.

आता जानेवारी 2025 घ्या. तिसरी फेरी, घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेड. त्यांचा दालो लाल कार्ड खाऊन बाहेर, ते दहा जण, आम्हाला पेनल्टी मिळाली तीही ओडेगार्डची अडवली गेली. शेवटी 1-1 अन् शूटआउटमध्ये हरलो. युनायटेडकडून असं हरल्यावर पूर्वी दोन दिवस जेवण गोड लागलं नसतं. यावेळी मनात एकच गोष्ट: गॅब्रिएल जेझूस पहिल्याच हाफमध्ये स्ट्रेचरवरून गेला, आता लीगमध्ये पुढे कोण खेळणार? कपातून बाहेर पडलो याचं दुःख शोधूनही सापडेना. त्यातून एक सामना कमी झाला, बरंच झालं, असंही वाटून गेलं.

बाद पद्धतीचा सगळा जीवच हरण्याच्या भीतीत आहे. ती भीती मोठ्या क्लबांना उरली नाही, मग ती बघणाऱ्याला कुठून येणार? त्यांचा हिशोब समजतो. पैसा युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये आहे, तिथं जायचा रस्ता लीगमधल्या वरच्या जागांतून जातो, अन् 2024-25 पासून तर तिथं सुरुवातीलाच सहाऐवजी आठ सामने झाले. मग कपला पोट्टे खेळवतात. फेब्रुवारी 2025 मध्ये लिव्हरपूलनं मुख्य खेळाडू घरीच ठेवले अन् खालच्या डिव्हिजनच्या प्लिमथकडून 1-0 हरले. प्लिमथवाल्यांचा आनंद शंभर नंबरी. पण लिव्हरपूलचं कोणी फार रडलं, असं मला दिसलं नाही.

दुसरं कारण रिप्लेचं, म्हणजे बरोबरी झाली की सामना पुन्हा खेळायचा, त्याचं. 2024-25 पासून मुख्य फेऱ्यांतले रिप्ले बंद झाले. 1979 मध्ये आर्सेनल अन् शेफील्ड वेन्सडेची तिसऱ्या फेरीची एकच लढत पाच सामने चालली होती. तो कप पुढे आर्सेनलनंच जिंकला. पाच सामने म्हणजे अतीच, कबूल. पण रिप्ले हा लहान क्लबांचा पोटापाण्याचा विषय होता. 2005 मध्ये कर्जात बुडालेल्या, लीगबाहेरच्या एक्झेटरनं ओल्ड ट्रॅफर्डवर 0-0 केलं. त्या सामन्याच्या तिकिटांच्या अन् रिप्लेच्या पैशानं क्लब सावरला. आता बरोबरी झाली की त्याच रात्री पेनल्टी, अन् विषय संपला.

आमच्याकडे कबड्डीचे खुले सामने होतात, तेही बादच. पहाटेपर्यंत चालतात, थंडीत लोक शेकोटी करून बसतात. तिथं कोणतीही चमू आपला चांगला रेडर पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवत नाही. हरले की प्रवेश फी गेली अन् गाडीभाडंही अंगावर. ते सामने मी आजही शेवटपर्यंत बघतो, म्हणून माझा दोष पद्धतीला नाही.

एफए कपातही अपवाद आहेतच. मे 2025 ला क्रिस्टल पॅलेसनं मँचेस्टर सिटीला 1-0 हरवून पहिलीच मोठी ट्रॉफी घेतली; पॅलेसच्या गोलकीपर हेंडरसननं पेनल्टी अडवली तेव्हा मीही उभा राहिलो, माझा काही संबंध नसताना. त्यातून युरोपा लीग ही युरोपातली स्पर्धा मिळाली, अन् एका मालकाचे दोन क्लब एकाच स्पर्धेत नकोत या नियमावरून यूएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, त्यांना खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं. घ्या!

लीग कप या इंग्लंडातल्या दुसऱ्या बाद स्पर्धेबद्दल मला बोलायला काही नाही, सेमीफायनलच्या आधी मी तो उघडतच नाही. तुमचीही ओढ आटत असेल तर एक करून पाहा: जानेवारीत तिसऱ्या फेरीला आपल्या टीमचा सामना सोडा अन् खालच्या डिव्हिजनच्या क्लबाच्या घरचा लावा. मी आताशा तेच करतो, आर्सेनलचा स्कोर सकाळी बघतो.