घरातील कोणीच दिवे बंद करत नाही, काय करावे?

आपण विचारले आहे की, घरातील पाचही माणसे खोलीतून बाहेर पडताना दिवे तसेच चालू सोडतात, सांगून सांगून आपण थकला आहात, तर त्यांना ही सवय कशी लावावी. याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले असते. परंतु याच कारणावरून माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे जवळजवळ दोन वर्षे धड बोलणे नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर परळी वैजनाथला आहे. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, तेथील औष्णिक विद्युत केंद्रात कोळशाच्या विभागात कामाला होते. ते घरी येत तेव्हा सदऱ्याच्या शिवणींत काळी भुकटी बसलेली असे आणि आई तो सदरा वेगळ्या बादलीत भिजवत असे. रात्री जेवणे आटोपली की अण्णा घरातून एक फेरी मारत आणि रिकाम्या खोल्यांतील बटने बंद करत. ते कोणावर रागावत नसत. फार तर एवढेच म्हणत, "एका युनिटाला पाऊण किलो कोळसा लागतो, अन् वरून तीन-चार लिटर पाणी. कोळसा बाहेरून येतो, पाणी आपल्याच मुलखातलं जातं." या बोलण्याचा पुरता अर्थ मला २०१५ च्या दुष्काळात कळला. गोदावरीवरील खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही आणि कोळसा असूनही परळीचे संच बंद ठेवावे लागले. तेव्हा अण्णा निवृत्त झालेले होते. अंगणात बसून ते त्या धूर नसलेल्या चिमण्यांकडे बराच वेळ पाहत असत.

अण्णा गेल्यानंतर ती फेरी मी माझ्याकडे घेतली, आणि माझी चूक तेथेच झाली. अण्णा बटन बंद करून पुढे जात; मी मात्र ज्याने दिवा सोडला त्याला शोधून काढून बोलू लागलो. घर एकत्र, मीटर एक, बिल दोघा भावांत निम्मेनिम्मे, आणि बोलणी बहुतेक वेळा दादांच्या मुलांना बसत. एका मे महिन्यात बिल बरेच वाढून आले, तेव्हा मी जेवणाच्या ताटावरच विषय काढला. दादा ताट सरकवून म्हणाले, "नऊ वॅटच्या दिव्यासाठी तू लेकरांना चोरासारखं वागवतोस. अण्णांची फेरी मारतोस, पण अण्णांचं मन नाही तुझ्याकडं." हे वाक्य माझ्या फार जिव्हारी लागले. त्यानंतर आमचे बोलणे केवळ कामापुरते उरले.

हा तिढा अखेर सोडवला तो दादांच्या धाकट्या मुलीने, तेही शाळेच्या प्रकल्पासाठी. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि तो किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट होते तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. एका रविवारी आम्ही दोघांनी फ्रिजसह घरातील सर्व काही बंद केले आणि एकेक वस्तू चालू करून, मोबाइलवर सेकंद मोजत, वहीत नोंदी केल्या. नऊ वॅटचा एकच दिवा लावला तर दोन लुकलुकींमध्ये जवळजवळ दोन मिनिटे जात होती. देवघराबाहेरच्या जुन्या चोकच्या ट्यूबला वीस-बावीस सेकंद, कूलरला पाच-सहा सेकंद, आणि गिझर लावला तेव्हा लाल दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकू लागला. ती म्हणाली, "काका, कूलर बंद केला की हा किती दमानं चालतो बघा."

मग हिशेब मांडला. रिकाम्या खोल्यांतील सहा दिवे रोज पाच तास विनाकारण चालू राहिले, तर महिन्याला सुमारे आठ युनिट होतात. दोनशे वॅटचा एक कूलर सोळा तास चालला, तर शहाण्णव. म्हणजे आकड्यांच्या बाबतीत दादा बरोबर होते, आणि हे मी त्याच रात्री त्यांना जाऊन सांगितले. त्यांचाही एक समज चुकीचा होता, की शंभर किंवा तीनशे युनिटांची पायरी ओलांडली की सगळे बिलच वरच्या दराने लागते. प्रत्यक्षात वरचा दर केवळ त्या पायरीपुढील युनिटांना लागतो. तेही त्यांनी मान्य केले.

तरीही आठ युनिट म्हणजे काहीच नाही, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. अण्णांच्या मापाने तो महिन्याला सहा किलो कोळसा आहे आणि पंचवीस-तीस लिटर पाणी आहे, आणि उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या माणसाने ते पाणी नगण्य म्हणू नये. शिवाय ज्या हाताला खोली सोडताना दिव्याच्या बटनाकडे जाण्याचे वळण नाही, तो हात कूलरच्या बटनाकडेही जात नाही. दादांना मी हेच सांगत होतो, फक्त सांगण्याची रीत वाईट होती.

तेव्हा आपण बोलणे थांबवा आणि घरातील सर्वांत लहान माणसाला मीटरसमोर बसवा. आमच्याकडे त्या रविवारनंतर मुलांना काही सांगावे लागले नाही. खोली सोडताना कूलर आणि पंखा तीच बंद करू लागली आणि त्याच ओघात दिवेही. मोठ्या माणसांवर याचा परिणाम होईलच, असे मी म्हणत नाही. दादा अजूनही न्हाणीघरातील दिवा विसरतात. मी तो न बोलता बंद करतो. चोकच्या जुन्या ट्यूब असतील, तर त्या आधी बदला. फ्रिज अशा मोजणीसाठी थोडाच वेळ बंद ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. दिवेलागणीला दारातला दिवा बंद करायला कोणालाही सांगू नका, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर जिन्यावरचाही नाही. मी एकदा तो बंद केला होता आणि अंधारात आईचा पाय शेवटच्या पायरीवरून चुकला. सुदैवाने मुरगळण्यावर निभावले. तेव्हापासून तो रात्रभर चालू ठेवायचा, असे वहिनींनी ठरवून दिले आहे, आणि माझ्या फेरीत मी त्या बटनाला हात लावत नाही.