जळगावात राहून बॉबिन लेस शिकता येईल का? आणि भरतकाम-विणकामाची जुनी पुस्तकं जमवताना काय पाहावं?

शिकता येईल. मी भुसावळला राहते. ही लेस विणणारं दुसरं कोणी मला इथे अजून भेटलेलं नाही, तरी माझी उशी, जिच्यावर टाचण्या टोचून ही लेस विणतात, ती रोज निघते. तुम्ही दोन्ही एकत्र विचारलंत, म्हणून आधी सांगते: हात बसेपर्यंत पुस्तकांवर पैसे घालू नका.

या लेसला सुई नाही, हूक नाही. एकाच दोऱ्याची दोन टोकं दोन लाकडी बॉबिनांवर गुंडाळली की झाली एक जोडी. काम चालतं दोन जोड्यांत, म्हणजे चार दोऱ्यांत, आणि हालचाली दोनच. डावीकडून दुसरा दोरा तिसऱ्यावरून न्यायचा, हा क्रॉस. मग दुसरा पहिल्यावरून आणि चौथा तिसऱ्यावरून, हा ट्विस्ट. क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस केलं की कापडासारखी दाट वीण. क्रॉस-ट्विस्टवर थांबलात तर अर्धी, जाळीदार वीण. हे आकडे जागेचे आहेत, बॉबिनांचे नाहीत. प्रत्येक हालचालीनंतर डावीकडून नव्याने मोजा. नवख्यांचा सगळा गोंधळ इथेच होतो.

सुरुवात टॉर्शन या बॉबिन लेसच्या सोप्या प्रकारापासून करा. तिचे ठिपके, म्हणजे टाचण्या टोचायच्या जागा, 45 अंशांच्या तिरप्या जाळीवर बसतात, त्यामुळे शाळेच्या आलेखाच्या कागदावर नमुना घरीच आखता येतो. अर्धी वीण, दोन जोड्यांच्या मधोमध टाचणी, टाचणीखाली परत अर्धी वीण. एवढ्यावर सबंध जाळी उभी राहते.

उशीत गव्हाचं काड किंवा लाकडाचा भुसा खच्चून भरा. टोचलेली टाचणी जरासुद्धा डुलता कामा नये. बॉबिन लाटणी करणाऱ्या खरादीकडून करून घ्या, मान बारीक आणि गुळगुळीत हवी. टाचण्या पितळी किंवा स्टेनलेसच्या. साध्या टाचण्या पावसाळ्यात गंजतात आणि पांढऱ्या दोऱ्यावरचा तो डाग निघत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाच्या हातांनीही दोरा मळतो, म्हणून मी तेव्हा पहाटेच बसते.

आता पुस्तकं. बॉबिन लेसचे नमुने छापलेलं ‘ले पॉम्पे’ व्हेनिसला 1557 साली निघालं. ते आपण स्कॅनवरच पाहायचं. तेरेझ द दिलमाँ यांचा 1886चा भरतकामाचा विश्वकोश मात्र प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, त्यात या लेसवरही मजकूर आहे. विकत काही घेण्याआधी तो वाचा.

रद्दीत पुस्तक सापडलं की आधी मागचं पान उघडा. घडी घातलेला नमुन्यांचा कागद तिथे असायचा आणि बहुतेक वेळा तोच गेलेला असतो. तो नसेल तर पुस्तक अर्धंच समजा, भाव तसाच करा. कागद असेल तर उजेडासमोर धरा. ठिपक्यांत बारीक भोकं दिसली, तर कुणीतरी त्यावर खरोखर लेस विणली आहे. जमवणारे अशी प्रत खराब म्हणून सोडतात. मी तीच उचलते, कारण नमुना विणून तपासलेला असतो. तुम्ही मात्र मूळ कागद टोचू नका. झेरॉक्स काढा आणि पट्टीने ताडून बघा. प्रत जराशी लहान-मोठी निघाली तरी दोऱ्याचा मेळ बिघडतो.

पत्र्याखालच्या माळ्यावर पुस्तकं कधीच ठेवू नका, उन्हाळ्यात कागद कडकडीत होऊन घडीवर तुटतो. तुटलेल्या घडीला सेलोटेप तर मुळीच नको, तो पिवळा पडून कागद कायमचा डागाळतो. पावसाळा सरला की पुस्तकं सावलीत वारा देऊन ठेवा.

गावातल्या रद्दीवाल्याला आजच सांगून ठेवा, “भाऊ, भरतकाम-विणकामाचं काही आलं तर फाडू नका, सुटे कागदही बाजूला ठेवा.” सुट्या कागदांचं आवर्जून सांगा, नाहीतर ते पुड्या बांधायला जातात.